लिंडन शिकवतो

"रांग तिकडून आहे, मॅडम," माझा सख्खा भाऊ मला म्हणाला, आणि माझा हात हवेतच राहिला. हात त्याच्या कॉलरकडे निघाला होता. कॉलर नेहमीसारखी एका बाजूने आत दुमडलेली, आणि ती सरळ करायला मी टेबलाला वळसा घालून थेट मागे शिरले होते. होबार्टच्या शनिवारच्या बाजारात गेली चार वर्षं मी अशीच शिरत आले आहे. तो मागे सरला नाही, रागावला नाही. त्याने फक्त बोट दाखवलं, सात माणसांच्या पलीकडे, जिथे एक बाई कुत्र्याला घेऊन उभी होती, तिच्या मागे. आधी मला वाटलं, त्याने मला ओळखलंच नाही. मी उन्हाचा चष्मा काढला. "लिंडन, मी आहे." "हो, रो," तो म्हणाला. "रांग तिकडून आहे." म्हणजे ओळखून सांगत होता. रांगेतलं कुणीतरी हसलं. माझे कान तापले. मी अठ्ठावन्न वर्षांची, जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत एकतीस वर्षं काढलेली बाई. लोक माझ्या टेबलापुढे रांग लावतात. मी गुपचूप जाऊन कुत्र्याच्या मागे उभी राहिले.

रांगेतून माणूस वेगळा दिसतो. लिंडनला मी सत्तेचाळीस वर्षं पाहते आहे, पण नेहमी बाजूने किंवा मागून: बटणं वरखाली लागली आहेत का, नाक पुसलंय का, खिशातून रुमाल लोंबतोय का. समोरून, सात माणसांच्या अंतरावरून, असा कधी पाहिलाच नव्हता. जाड मानेचा, उन्हाने रापलेला, हिरवा एप्रन घातलेला एक शेतकरी टेबलामागे उभा होता. गिऱ्हाईक बोललं की तो आधी ऐकायचा. ऐकलेलं ओठातल्या ओठात एकदा म्हणून पाहायचा. मग लसणाचा गड्डा उचलून अंगठ्याने दाबायचा, पिशवीत टाकायचा, पिशवीचं तोंड दोनदा दुमडायचा, आणि एवढं झाल्यावरच पैशांसाठी हात पुढे करायचा. एका वेळी एक काम. मध्येच कुणी काही विचारलं तर हातातलं पुरं होईपर्यंत उत्तर नाही. माझा जीव वरखाली होत होता. आता कुणीतरी वैतागेल, आता कुणीतरी टोमणा मारेल, आणि मग मी पुढे होऊन सगळं निस्तरीन. पण कुणी वैतागलंच नाही. सूट घातलेल्या एका गृहस्थाने विचारलं, यातला टिकाऊ कुठला? लिंडनने दोन गड्डे दोन हातांत धरले. "हा आधी संपवा. हा थंडी सरेपर्यंत राहतो." गृहस्थाने डॉक्टरचं ऐकावं तशी मान हलवली आणि दोन्ही घेतले. माझी पाळी आली तेव्हा भावाने मला विचारलं, काय देऊ? मला काहीच नको होतं. मी त्याची कॉलर नीट करायला आले होते. "अर्धा किलो," मी म्हटलं. "लगेच वापरणार की ठेवणार?" "ठेवणार," मी बोलून गेले. तिखट म्हणून मी कधी लसूण आणत नाही. त्याने पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं, माझ्याकडे बघून हसला, आणि माझ्या मागच्या माणसाला म्हणाला, "काय देऊ?"

पर्समध्ये तो कागद होता. पिशवी आत कोंबताना त्याचा कोपरा दुमडला आणि मी उगाचच घाबरून तो सरळ केला. कागद साधाच होता: लिंडन शेतावरचं काम सोडतो आहे, शहरात बहिणीकडे राहायला येतो आहे, आणि दिवसा माझ्या घरापासून दहा मिनिटांवरच्या केंद्रात जाणार आहे. केंद्र वाईट नाही. मी दोनदा जाऊन आले. तिथे कागद चिकटवतात, गाणी म्हणतात, गुरुवारी पोहायला नेतात, आणि कुणाच्या हातात सुरी देत नाहीत. माझी सही झाली होती. त्याची बाकी होती, मंगळवारी शेतावरच्या मीटिंगमध्ये ती व्हायची होती, आणि होईल याची मला खात्री होती, कारण लिंडनने मला आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नाही. त्याच्यावर तशी वेळच आली नाही. लहानपणी ग्लेनॉर्कीच्या आमच्या घरी कुणी पाहुणा यायचा, त्याच्यापुढे वाकून विचारायचा, काय राजे, कितवीत आपण? लिंडन तोंड उघडायचा. शब्द आतून निघून ओठांपर्यंत यायला त्याला वेळ लागतो. तेवढ्या वेळात समोरच्याचं हसू ताठरतं, आणि ते ताठरलेलं हसू मला बघवायचं नाही. म्हणून मी सांगून टाकायचे. तो दुसरीत आहे. त्याला जॅम आवडतो. त्याला आता झोप आली आहे. पुढे पुढे तो तोंड उघडायचा आणि माझ्याकडे बघायचा, आपलं उत्तर काय आहे ते ऐकायला. सगळे म्हणायचे, बहीण असावी तर अशी. मलाही तसंच वाटायचं.

गेल्या जुलैत आई गेली. शेवटच्या आठवड्यात ती फारसं बोलत नव्हती, एकदाच माझं मनगट धरून म्हणाली, "लिंडनकडे बघ हं." यात नवीन काय, मी म्हटलं, बघतेच आहे. पण ती गेल्यावर तिचं रिकामं घर विकून मी माझ्या फ्लॅटवर परत आले आणि संध्याकाळी टीव्ही लावला, तेव्हा ते वाक्य असं काही वाढायला लागलं की त्याला खोली हवी असं मला वाटू लागलं. मी मागची खोली रिकामी केली. निळा रंग दिला, लिंडनला निळा आवडतो म्हणून. पडदे शिवले. आई जायच्या आधी, मार्चमध्ये, त्याच्या उजव्या तर्जनीचं टोक शेतावर सुरीने कापलं होतं, चार टाके पडले होते. तेव्हा मी नोलीनला फोन केला होता. नोलीन म्हणजे लिंडनसारखी माणसं जिथे काम करतात त्या शेताची मुख्य, साठीची, आधी स्वतःच्या गाई सांभाळलेली, हाडापेराने मजबूत बाई. मी ओरडून विचारलं होतं, "त्याच्या हातात सुरी दिली कुणी?" ती म्हणाली होती, "मी." बस, एवढंच; ना माफी, ना कारण. त्यानंतर तिथे नवा नियम निघाला, कामाच्या वेळी सगळ्यांचे फोन शेडच्या दाराशी पत्र्याच्या ट्रेमध्ये. मी रोज अकराला लिंडनला फोन करायचे, बरा आहेस ना एवढं विचारायला. तो आता उचलेनासा झाला. मी काय समजायचं ते समजले. लपवाछपवी करणाऱ्यांचे नियम असेच असतात. शनिवारी रात्रभर ती रांग माझ्या डोक्यातून जाईना, पण सकाळी उठून मी मनाशी म्हटलं, बाजारात कुणीतरी पढवलं असेल, आणि पडद्यांना इस्त्री केली.

मंगळवारी मी शेतावर पोचले तेव्हा कचेरीत कुणी नव्हतं. सगळे वाफ्यांवर होते. ह्युऑन नदीच्या वरच्या अंगाला ढग जमत होते, आणि नोलीन कोटाच्या खिशांत हात घालून बांधावर उभी होती. "उद्या पाऊस आहे, रोवेना," ती म्हणाली. "आज लसूण निघाला नाही तर जमिनीतच कुजेल. मीटिंग चहाच्या वेळी. तोवर स्वयंपाकघरात बस, नाहीतर हातमोजे घाल." माझ्या अंगात राग होता; रागाच्या भरात मी हातमोजे घातले. मला वाटलं, ती मला काम दाखवेल. तिने मान वळवली आणि हाक मारली, "लिंडन! ही नवीन आहे. शिकव हिला." तिथली रीतच ती आहे. नवा माणूस मजूर असो, आचारी असो, नाहीतर सरकारी साहेब, त्याला पगारी शिक्षक शिकवत नाहीत. वाफ्यावर जो काम करतो तोच शिकवतो. लिंडन आला. त्याने माझे मोजे बघितले, डाव्याउजव्याची अदलाबदल झाली होती ती दाखवली, आणि मी ते बदलेपर्यंत वाट बघत उभा राहिला. मला मदत केली नाही.

पहिला गड्डा त्याने चार दातांच्या लांब काट्याने, एक शब्द न बोलता काढला. दुसरा काढताना बोलला. "काटा एक वीत लांब रोवायचा. जवळ नाही, जवळ रोवला तर आत टोचतो. मागे दाबायचं. माती उचलते. मग मानेला धरून ओढायचं. मग झोपवायचं, असं. ह्याची पात त्याच्या डोक्यावर. ऊन लागू द्यायचं नाही." एवढं सलग बोलताना मी त्याला आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. वाक्यं एकामागून एक येत होती, मध्ये मोठमोठ्या फटी टाकत, आणि त्या फटींमध्ये माझी जीभ सारखी पुढे धावत होती. तिसरा गड्डा माझा. सोपंच तर होतं. चौथ्या-पाचव्यापासून मी दोन्ही हात चालवायला लागले, आणि मातीची ढेकळं चिकटून येतात म्हणून दोन गड्डे एकमेकांवर आपटून झटकायला लागले, टक टक टक, पटापट. माझा ढीग वाढत होता. शेजारी लिंडनचा हळूहळू. मला चक्क बरं वाटायला लागलं होतं, की बघा, आमच्याकडे कामाचा उरक कसा असतो. तेवढ्यात तो म्हणाला, "थांब." माझा सगळा ढीग त्याने उचलून वेगळ्या, लाल क्रेटमध्ये ठेवला. "का रे? मेले का ते?" "मेले नाहीत. दुखावले. आपटलं की आतून सडतात. बाहेरून कळत नाही. हे लोणच्याला." तो थांबला. "माती वाळली की आपोआप पडते. आपण नाही झटकायची." पलीकडच्या ओळीतून प्रिस ओरडली, "रोवेनाचं लोणचं! आज रोवेनाचं लोणचं!" प्रिस तिशीची, गोल चेहऱ्याची, हसताना डोळे पार मिटून घेणारी, तोंडाचा पट्टा अखंड चालू. "लाजू नकोस गं," ती मला म्हणाली, "मी पहिल्या दिवशी दोन क्रेट मारले होते. आणि ह्याने? ह्या तुमच्या लिंडनने? अख्खा वाफा!" "अर्धा," लिंडन म्हणाला. "अख्खा!" "अर्धा, प्रिस. अर्धा तू." दोघं हसत सुटले. मी लाल क्रेटकडे बघत होते. मी नुसतीच उभी आहे हे पाहून लिंडनने माझ्या हातात पुन्हा काटा दिला.

जेवणाच्या आधी जुड्या बांधायच्या होत्या. दहा गड्ड्यांची एक जुडी, पातीला सुतळीचे दोन वेढे, आणि गाठ. मग ती शेडमध्ये उलटी टांगायची. वेढे लिंडन सुरेख घालायचा. गाठ मात्र अडायची, कारण त्या कापलेल्या बोटाच्या टोकाला अजून नीट जाणीव आलेली नाही. सुतळीचं टोक वेढ्याखालून सरकायचं, बोटाला कळायचं नाही, निसटायचं. पुन्हा. पुन्हा निसटायचं. नोलीन दोन हातांच्या अंतरावर उभी होती, खिशांत मुठी घालून, बघत. ती काही करत नव्हती. मी घड्याळ बघितलं. एक जुडी, सहा मिनिटं. त्याच्या कपाळावर घाम आला होता, जिभेचं टोक ओठाबाहेर. मला आमच्या घराच्या पायऱ्या दिसायला लागल्या, शाळेची बस कोपऱ्यावर आणि लिंडन बुटाच्या नाडीवर वाकलेला, अगदी असाच, असंच जिभेचं टोक बाहेर, आणि आई म्हणायची, "रो, बांध गं त्याची, बस जाईल." मी बांधायचे. रोज बांधायचे. पुढे नाडीच नको म्हणून आईने वेल्क्रोच्या पट्टीचे बूट आणले, आणि आजही त्याच्या पायात तसलेच आहेत. बस कधी चुकली नाही. पण तो गाठीपर्यंत किती पोचला होता, अजून चार दिवस असते तर जमली असती का, हे आम्ही कधी पाहिलंच नाही. हे सगळं डोक्यात चालू असताना माझ्या हातांनी काय केलं ते मला नंतर कळलं. मी पुढे वाकले, सुतळीचं टोक त्याच्या हातातून घेतलं, आणि चट्‌दिशी गाठ मारून मोकळी झाले.

लिंडनने ती गाठ सोडली. सोडायलाही त्याला वेळ लागला, कारण मी ती घट्ट मारली होती. मग सुतळी सरळ केली, वेढे पुन्हा पहिल्यापासून घातले, आणि पुन्हा टोक सरकवायला लागला. मला तोंडात मारल्यासारखं झालं. नोलीन माझ्या शेजारी सरकली. "माझ्या चार कोटांचे खिसे फाटले इथे," ती हळूच म्हणाली. "आतून मुठी आवळून आवळून. पहिल्या वर्षी माझा नवरा विचारायचा, बाई तू काय चोरून आणतेस तिथून, सदा आपली खिशात हात घालून." "तुला बघवतं?" मी विचारलं. "नाही बघवत," ती म्हणाली. "म्हणून तर खिशात." आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. अकराव्या मिनिटाला गाठ बसली. लिंडनने जुडी उचलून हलवून पाहिली, कानाशी नेल्यासारखी, आणि पुढची घेतली. ती नऊ मिनिटांत. सगळ्यांपुढे मिळून साठेक जुड्या होत्या आणि वर ढग होते, आणि या माणसाच्या चेहऱ्यावर घाईचं नाव नव्हतं. मी कचेरीत भलेभले चिकाटीचे लोक पाहिले आहेत, तीस तीस वर्षं एका कुंपणासाठी भांडणारे. अशी चिकाटी पाहिली नव्हती. मला त्याचा अभिमान वाटला, आणि त्याच दमात लाज वाटली, की हे चार वर्षं इथे रोज चालू होतं आणि मी कॉलरी नीट करत होते. तरी कागद पर्समध्ये होता. मी मनाशी म्हणत होते, चिकाटी खरी, पण ते बोट?

दुपारी शेडमध्ये आम्ही आधी काढून वाळवलेल्या लसणाची मुळं कापायला बसलो. दाराशी तो पत्र्याचा ट्रे, त्यात सगळ्यांचे फोन पालथे. मी पाहुणी, मी माझा ठेवला नाही, आणि कुणी मागितलाही नाही. लिंडनने मला छोटी, आखूड पात्याची सुरी दिली. "अंगठा इथे. पातं आपल्याकडे नाही. गड्डा फिरवायचा, सुरी नाही फिरवायची." मी चारपाच गड्डे केले. हात बसतो आहे असं वाटत असतानाच माझ्या खिशात फोन थरथरला. कचेरीतून असणार. मी डावा हात गड्ड्यावर, उजवा सुरीसकट खिशाकडे नेला, आणि माझं मनगट कुणीतरी धरलं. लिंडन. जोरात नाही, पण पक्कं. त्याने दुसऱ्या हाताने माझ्या बोटांतून सुरी काढली, पातं स्वतःकडे येऊ न देता फळीवर ठेवली, आणि मगच मनगट सोडलं.

"आधी सुरी खाली," तो म्हणाला. "मग फोन. मी उलटं केलं होतं."

फोन वाजून वाजून बंद झाला. "कधी?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

तो ओठात काहीतरी म्हणून पाहत होता. "अकरा वाजता," तो म्हणाला. "तू केला होतास तेव्हा."

शेडमध्ये बाकीच्यांच्या सुऱ्या चालत होत्या. प्रिस गुणगुणत होती. मी त्याच्या तर्जनीच्या टोकाकडे बघत राहिले, तिथली कातडी अजून गुलाबी आणि गुळगुळीत होती. बरा आहेस ना, जेवलास ना, टोपी घातलीस ना. रोज अकरा. फोन वाजला की रो आहे, आणि रोला थांबवून ठेवायचं नसतं. एका वेळी एक काम करणारा माझा भाऊ फक्त माझ्यासाठी एका वेळी दोन करायला गेला होता. आणि मी नोलीनवर ओरडले होते. तो नवा नियम, तो ट्रे, माझ्यापासून काही लपवायला नव्हता, माझ्या फोनपासून त्यांना वाचवायला होता. "मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं, आणि माझा आवाज भलताच बारीक निघाला. "तू नाही विचारलंस," लिंडन म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जसं झालं तसं तो सांगत होता. "तू विचारलंस, सुरी दिली कुणी. नोलीनने दिली." मग त्याने सुरी मूठ माझ्याकडे करून पुढे धरली. "आता कर. फोन तिकडे ठेव." मी उठून फोन ट्रेमध्ये पालथा ठेवला आणि परत येऊन बसले. तो स्वतःचं काम थांबवून माझे पुढचे तीन गड्डे होईपर्यंत नुसता बघत बसला.

चार वाजता स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो, मी, लिंडन आणि नोलीन. प्रिसने चहा आणला, तिनेच भाजलेले स्कोन आणले, आणि जाता जाता माझ्या कानाशी लागून "लोणचं छान होणार" असं सांगून गेली. मी कागद काढून टेबलावर ठेवला. त्याला माझ्या पर्समधल्या लसणाचा वास लागला होता. नोलीनने चष्मा लावून तो पूर्ण वाचला, मग लिंडनला वाचून दाखवला, सावकाश, प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून. पेन माझ्याजवळ होतं. मी ते नुसतं पुढे सरकवलं असतं तरी त्याने सही केली असती. रोने दिलेल्या कागदावर तो सही करतो, बँकेच्या, दवाखान्याच्या, आईच्या घराच्या कागदांवर त्याने अशाच केल्या. नोलीन म्हणाली, "लिंडन, रोवेनाला वाटतं तू शहरात तिच्याकडे राहावंस. तुला काय हवंय?"

तो ओठ हलवायला लागला. प्रश्न पुन्हा म्हणून पाहत होता. मग ओठ थांबले आणि तो टेबलाकडे बघत बसला. एवढ्या वेळात मला तीन उत्तरं सुचली. पहिलं, त्याला यायचंच आहे, फक्त बोलता येत नाही. दुसरं, राहू दे आज, त्याला दमवू नका. तिसरं उत्तर चांगलं होतं: राहू दे लिंडन, तू इथेच राहा, मी हा कागद फाडते. ते अगदी जिभेवर आलं होतं. ते बोलले असते तर मी किती मोठ्या मनाची ठरले असते, नोलीनसुद्धा विरघळली असती. पण तेही उत्तर माझंच होतं. मी ते गिळलं. लिंडनने तोंड उघडलं आणि सवयीने माझ्याकडे बघितलं, आपलं उत्तर ऐकायला. मी गप्प राहिले. सत्तेचाळीस वर्षांत मी त्याच्यासाठी केलेलं सगळ्यात अवघड काम ते होतं, आणि ते करताना मी नुसती खुर्चीवर बसून होते. तो बघतच राहिला. माझ्याकडून काही येत नाही हे त्याला हळूहळू कळलं, आणि मग त्याने नजर काढून घेतली.

"खोली निळी आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

"मी पाहिली. छान आहे. खिडकीतून डोंगर दिसतो." पुन्हा तो थांबला, बाहेर कुणीतरी क्रेट एकमेकांवर रचत होतं. "ती कुणालातरी दे, रो. ज्याला सकाळी उठून कुठे जायचं नसतं, त्याला दे."

नोलीनने मान खाली घातली. मला वाटलं, झालं त्याचं बोलून, आणि मी श्वास सोडला. पण त्याचं झालं नव्हतं. त्याने खुर्ची फिरवली, माझ्यासमोर नीट बसला, आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"मी नाही येत," तो म्हणाला. "तुला वाईट वाटेल."

नाही रे, मला कशाला वाईट वाटेल, हे वाक्य मी उच्चारायच्या बेतात होते. आमच्या घरात हे वाक्य सगळ्यांनी सगळ्यांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की ते आपोआप निघतं. त्याने ते निघू दिलं नाही.

"वाटू दे," लिंडन म्हणाला. "मी नाही येत."

नोलीनने पेन उचललं. "असंच लिहू?" तिने विचारलं, मला नाही, त्याला. "असंच लिही," तो म्हणाला. तिने लिहिलेलं त्याने बोट फिरवून पाहिलं, खाली आपलं नाव घातलं, एकेक अक्षर दाबून. मग उरलेला चहा संपवला, कप विसळून पालथा घातला, हातमोजे उचलले. अजून उजेड होता, पाऊस यायचा होता, आणि एक वाफा काढायचा राहिला होता. दारातून जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. मी तिथेच बसून राहिले. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि ते माझ्या भावाने मला दिलं होतं म्हणून मी ते कुणापासून लपवलं नाही.